शंभर टक्के निकाल

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग सात वर्षं शंभर टक्के लागतो आहे. फाटकाच्या कमानीवर तसं रंगवलेलं आहे. दर वर्षी फक्त सालाचा आकडा खोडून नवा लिहायचा. बाहेरचे लोक विचारतात, मॅडम, एवढं आडबाजूचं गाव, निम्म्या पोरांच्या घरी अभ्यासाला धड जागा नाही, आणि असा निकाल कसा काय? मी हसते. मी गणित शिकवते आणि दहावीची वर्गशिक्षिका आहे, तेव्हा हे हसणंही माझ्या कामातच धरा.

कसा काय ते सांगते. निकाल परीक्षेला बसलेल्यांचा लागतो, शाळेत असलेल्यांचा लागत नाही. एवढी एक गोष्ट ज्या मुख्याध्यापकाला कळली त्याच्या शाळेचा निकाल कधी पडत नाही, आणि आमच्या हेडसरांना ती फार लवकर कळली. नोव्हेंबरात बोर्डाचे अर्ज भरायची वेळ आली की ते सहामाहीचा गुणतक्ता घेऊन बसतात, लाल पेनानं तीन-चार नावांपुढे टिंब देतात आणि तक्ता माझ्याकडे सरकवतात. मग मी त्या पोरांच्या घरी जायचं. चहा प्यायचा. "तयारी कमी आहे हो, यंदा बसला तर नापासाचा शिक्का बसेल, पुढच्या वर्षी बसवू," असं गोड बोलायचं आणि अर्जावर सही घ्यायची. 'माझ्या पाल्याची तयारी नसल्यामुळे यंदा त्याचा परीक्षा अर्ज भरू नये ही विनंती.' विनंती पालकांची, अक्षर माझं. पुढच्या वर्षी त्यातलं पोर क्वचितच परत येतं. कोणी पुण्याला कंपनीत, कोणी वावरात, कोणी कोणाच्या घरी सून. याला आम्ही गळती म्हणतो, आणि ती का होते याचा एक अहवाल दर वर्षी वर पाठवतो. तोही मीच लिहिते.

गेल्या वर्षी लाल टिंबांत एक नाव निकिताचं होतं.

निकिता म्हणजे चंपत आणि प्रयागबाईची मुलगी. मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मळ्यापासून शाळा चार किलोमीटर, आणि एसटी फाट्यावरूनच निघून जाते, म्हणून पोरगी पाचवीपासून चालत येणारी. आमचे क्रीडाशिक्षक सेवालाल सर एकदा मोटरसायकलवरून येताना बराच वेळ तिच्यामागे राहिले म्हणे, आणि गाडीच्या वेगाचा काटा बघून थक्क झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव तीन किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत घातलं. अशी शर्यत असते हे गावात कोणाला ठाऊकच नव्हतं. धावायचं नाही, एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, गुडघा ताठ हवा. असं भरभर चालायचं तर कंबर हलतेच. मैदानात ती सराव करायला लागली की पोट्टे कुंपणावर बसून शिट्ट्या मारायचे. "काय बे, चालून राह्यली का नाचून राह्यली?" प्रयागबाई तर माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. "मॅडम, पोरीच्या जातीनं असं कंबर हालवत चालनं शोभते का? लोकं काय म्हनतीन?"

लोक काय म्हणायचे ते म्हणाले, पण निकिता तालुक्यात पहिली आली. मग जिल्ह्यात पहिली आली. मग अमरावतीला विभागात दुसरी आली. तेव्हा शिट्ट्या थांबल्या आणि तेच पोट्टे आपल्या मोबाइलवर तिचा फोटो स्टेटसला ठेवायला लागले.

अमरावतीत एका प्रशिक्षकानं तिला पाहिलं. तिथे खेळणाऱ्या मुलींचं वसतिगृह आहे. राहणं, जेवण, अकरावी आणि सकाळ-संध्याकाळ सराव. त्यांनी सेवालाल सरांना सांगितलं, "पोरगी द्या आम्हाला. टक्के किती पडले ते विचारत नाही. जूनमध्ये फक्त दहावी पास झाल्याचा कागद घेऊन या." सेवालाल सरांनी चंपतला पटवायला चार फेऱ्या मारल्या. शेवटी चंपत म्हणाला, "सर, तुमच्या शब्दाखातर. धावी पास झाली त जाय म्हना अमरावतीले. नाई झाली, त मंग मेथीच्या जुड्या बांध. मंग मले कोनी समजावाले येऊ नका." निकितानं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारलं, "मॅडम, पास व्हाले गनितात किती लागते?"

सहामाहीत तिला ऐंशीपैकी नऊ पडले होते. हे नऊ कसे पडले ते मी हेडसरांना सांगितलं. ऑगस्टपासून ती स्पर्धेत. भूमितीचे तीन धडे झाले तेव्हा ती वाशिमला होती, बीजगणिताचे दोन झाले तेव्हा अमरावतीला. पेपरच्या आदल्या दिवशी रात्री ती परत आली होती.

"मग?" हेडसर म्हणाले. "डिसेंबरात ती सांगलीला राज्याच्या स्पर्धेला जाणार. परत दहा दिवस गेले. तुम्ही काय जादू करणार?"

"सर, खेळाचे वाढीव गुणही मिळतील तिला. पास होते ती. मी शिकवते."

"आणि नाही झाली तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "सहा वर्षं, मॅडम. एका पोरीसाठी सहा वर्षं पाण्यात घालू? संस्थेच्या अध्यक्षांना काय तोंड दाखवू?"

"मग सांगलीला तरी कशाला पाठवायचं तिला?"

"पाठवायचं! वा! न पाठवून कसं चालेल?" त्यांना माझ्या अडाणीपणाची कीव आली. "खेळायला पटावर नाव लागतं. ते आहे. बोर्डाचा फॉर्म कुठं लागतो?"

आणि मग ते सहज बोलले, पेन शोधता शोधता, की माझ्या नोकरीच्या मान्यतेची फाइल वाशिमच्या शिक्षण कार्यालयातून त्रुटी काढून परत आली आहे, पुन्हा पाठवायला त्यांचं शिफारसपत्र लागेल, बघू केव्हा जमतं ते. अकरा वर्षं मी त्या मान्यतेची, म्हणजे पूर्ण पगाराची, वाट बघते आहे. धमकी वगैरे काही नव्हती. आवाजसुद्धा चढलेला नव्हता.

मी त्यांना शिव्या घालत घरी आले. मनात. तोंडानं घालायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती, आणि आता हे लिहितानाही मला माझा जास्त राग येतो की त्यांचा, ते ठरवता येत नाही.

इतर दोन पोरांच्या घरी मी नेहमीप्रमाणे गेले, नेहमीचं बोलले. निकिताच्या घरी नेहमीचं बोलता येणार नव्हतं. प्रयागबाईला "यंदा नको" म्हटलं असतं तर त्यांनी दहा प्रश्न विचारले असते, आणि चंपतनं सेवालाल सरांना फोन लावला असता. हेडसरांनी त्यावरही उपाय सुचवला. सांगलीसाठी पालकांचं संमतीपत्र घ्यायचंच होतं. एक संमतीपत्र, एक तब्येतीची जबाबदारी घेतल्याचं पत्र. "त्यातच घ्या की उरकून," ते म्हणाले.

मी गेले तेव्हा प्रयागबाई पाटाच्या पाण्यात मेथी धूत होत्या. मला बघून घाईनं उठल्या, पदराला हात पुसले, बाज टाकली. निकिता शाळेत होती, चंपत मालेगावच्या बाजारात. प्रयागबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पण बचत गटाच्या बायांनी त्यांना सही शिकवली होती, आणि अंगठ्याची शाई समोर आली की त्या ठसक्यात ती बाजूला सारायच्या. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"काय लिवलं हाये मॅडम याच्यात?"

"सांगलीला पाठवायची परवानगी आहे."

त्यांनी सही केली. प्र काढायला वेळ लागला, मग बाकीचं भराभर आलं. दुसऱ्या कागदावर केली.

"अन् हा?"

"हाही त्यातलाच," मी म्हणाले आणि जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं.

तिसरी सही सगळ्यात चांगली आली. हात बसला होता ना. त्यांनी पेन परत दिलं आणि मला मेथीच्या चार जुड्या बांधून दिल्या. नको म्हणत होते तरी पिशवीत कोंबल्या. "पोरीसाठी किती करता वो तुमी," म्हणाल्या. मी त्या रात्री मेथीची भाजी केली आणि आम्ही सगळे जेवलो. मी काही उपाशी राहिले नाही.

सांगलीत निकिता राज्यात तिसरी आली. आमच्या शाळेच्या इतिहासात राज्याचं पदक कधी आलं नव्हतं. तिला फाट्यापासून ट्रॅक्टरवर बसवून आणलं. पुढे लेझीम, मागे आम्ही शिक्षिका नवीन साड्या नेसून. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सगळ्यात मोठा फोटो संस्थेच्या अध्यक्षांचा, त्याखालोखाल हेडसरांचा, आणि खाली कोपऱ्यात गळ्यात पदक घातलेली निकिता, फोटो ताणल्यामुळे जरा रुंद झालेली. हेडसरांनी माइकवर सांगितलं, "ज्ञान आणि क्रीडा हे आमच्या शाळेचे दोन डोळे आहेत." टाळ्या पडल्या. प्रयागबाई तर टाळ्या वाजवता वाजवता रडायला लागल्या.

निकिता दुसऱ्याच दिवशी वर्गात हजर. मधल्या सुट्टीत डबा खायची नाही, माझ्याकडे वही घेऊन यायची. "मॅडम, सगळ्याइचे फॉर्म भरून झाले म्हनते. माह्या?"

"झाला," मी म्हणाले. का म्हणाले? कारण ती माझ्याकडे बघत होती. एवढंच कारण होतं.

मग मी तिला शिकवलं. हो, शिकवलं. दोन महिने, शाळा सुटल्यावर रोज तासभर. मला वाटत होतं मी भरपाई करते आहे. कशाची भरपाई, कोणाला, असा विचार मी करत नव्हते. जानेवारीच्या सराव परीक्षेत तिला ऐंशीपैकी चौतीस पडले. वरचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, म्हणजे पोरगी आरामात पास होती. मी पेपर दोनदा तपासला, मग हेडसरांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी कौतुकानं मान डोलावली. "बघा! म्हणजे पुढच्या वर्षी नक्की निघते."

हॉलतिकिटं वाटली त्या दिवशी पटावर एकेचाळीस पोरं होती आणि माझ्या हातात अडतीस हॉलतिकिटं. दोघं नोव्हेंबरपासूनच शाळेत येत नव्हते. निकिता रांगेत उभी राहिली. नावं संपली, पोरं फोटो कसा आला ते एकमेकांना दाखवत बाहेर गेली, आणि ती टेबलापुढे उभीच.

"मॅडम, माह्यं?"

मी तिला हेडसरांकडे नेलं. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. विद्यार्थ्याला खुर्ची द्यायची त्यांची सवय नाही. "बोर्डाच्या संगणकात काही तांत्रिक अडचण आली बेटा. तुझा एकटीचा अर्ज अडकला. काळजी करायची नाही. जुलैमध्ये पुन्हा परीक्षा असते, त्यात तुला बसवतो. मी आहे ना?"

"पन सर, अमरावतीले जूनमंधी कागद पायजे."

"मी बोलतो त्यांच्याशी. तू फक्त एक कर. घरी काही सांगू नको. तुझ्या वडिलांचा स्वभाव तुला माहीत आहे. अर्ज अडकला म्हटलं की ते अमरावतीचं नावच टाकतील. जुलैत पास झाली की आपोआप सगळं जमून येईल."

निकिता विचार करत होती. मग उठली, "थँक्यू सर" म्हणाली, आणि माझ्याकडे वळून मलाही म्हणाली.

सेवालाल सर भडकले. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून म्हणाले, "काय मस्करी लावली का? पोरीचे पाय वापरले अन् पोरगी फेकून देल्ली?" हेडसर दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सेवालाल सर, आदर्श क्रीडाशिक्षकासाठी तुमचं नाव जिल्ह्याला पाठवतो आहे. जरा माहिती भरून द्या." सेवालाल सर खाली बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी एकटीच अशी नाही, हे कळून बरं वाटलं.

परीक्षेचं केंद्र मेडशीला होतं आणि माझी ड्यूटी तिथेच लागली होती. पहिल्या पेपरला मी फाटकातून आत जात होते, तर समोरच्या लिंबाखाली निकिता बसलेली. गणवेश, दोन वेण्या, कपाळाला कुंकू, मांडीवर पॅड. मी थांबले.

"आईनं दही-साखर देऊन पाठोलं," ती म्हणाली. "घरी कशी राहू मॅडम?"

ती प्रत्येक पेपरला आली. अकराला आमची घंटा झाली की तीही पॅडवर कागद लावून बसायची, आणि पेपर सुटला की घरी न सांगण्याची शपथ घातलेल्या एखाद्या मैत्रिणीकडून प्रश्नपत्रिका मागून घ्यायची. मग चार वाजेपर्यंत तिथेच बसून ती सोडवायची आणि घरी जायची. बीजगणिताच्या दिवशी मी बाहेर पडायला उशीर केला, तरी ती थांबलेलीच. तिनं कागद पुढे केले. मी रस्त्यावर उभ्यानं ते तपासले. चाळीसपैकी तेवीस होते. मी म्हणाले, "छान आहे." ती इतकी हसली की मला तिचा रागच आला. एवढं भाबडं असू नये माणसानं. असं असलं की आमच्यासारख्यांचं फावतं.

मे महिन्यात निकाल लागला. अडतीसपैकी अडतीस. हेडसरांनी मंदिराच्या भोंग्यावरून स्वतः जाहीर केलं, "आपल्या विद्यालयाचा निकाल यंदाही शंभर टक्के! दहावीचे सर्वच्या सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झालेले आहेत!" दुपारचे दोन वाजले असतील. प्रयागबाई मळ्यात वांगी तोडत होत्या. वाऱ्यावर त्यांना भोंगा ऐकू आला. सर्वच्या सर्व म्हटल्यावर आपली पोरगी त्यात आलीच, असं त्यांना वाटलं. न वाटायला काय झालं? त्यांनी टोपली तिथेच टाकली, आणि संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत साखर वाटून झाली. चंपतनं पोरीसाठी मालेगावहून बॅग आणली. चाकंवाली.

निकितानं काय केलं असेल त्या दिवशी? तिनं मला नंतर सांगितलं. आईनं तोंडात साखर घातली, तिनं ती खाल्ली. जुलैपर्यंतच रेटायचं आहे, असं तिनं ठरवलं होतं. त्या महिन्यात ती तीनदा माझ्या घरी आली, "जुलैचा फॉर्म भरला का मॅडम?" मी तीनदा म्हणाले, "सर बघत आहेत." सर बघत नव्हते. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे हो, ती मुदत गेली वाटतं."

जूनमध्ये शाळेत गुणवंतांचा गौरव सोहळा झाला. सकाळी दहाचा मुहूर्त, मांडव, सत्काराचे नारळ, आणि अध्यक्ष येईपर्यंत साडेअकरा. पहिल्या पाचांना ढाली दिल्या. मग हेडसरांनी आवाज चढवून नाव घेतलं, "राज्यस्तरीय कांस्यपदक विजेती, आपल्या शाळेची शान, कुमारी निकिता!" निकिता स्टेजवर गेली. शाल अध्यक्षांनी पांघरली. फोटो निघाले. प्रयागबाई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, बाजूला चंपत पांढऱ्या सदऱ्यात.

कार्यक्रम आटोपल्यावर पोरं माझ्याकडून गुणपत्रिका घेऊन गेली. मी गठ्ठा आवरत होते, तेवढ्यात प्रयागबाई हेडसरांच्या खोलीत शिरताना दिसल्या. हातात पेढ्यांचा डबा. मागे चंपत, त्याच्यामागे निकिता. ती आईचा पदर ओढत होती. "आई, चाल ना घरी. मंग पाहू." मीही मागोमाग गेले. सेवालाल सर आधीच आत बसलेले होते.

"घ्या सर, तोंड गोड करा," प्रयागबाई म्हणाल्या. "अन् पोरीचा पासचा कागद द्या. परवा अमरावतीले जातो आमी. बॅग भरून ठेवली हाये."

कोणी पेढा उचलला नाही. सेवालाल सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"निकितानं सांगितलं नाही वाटतं घरी?" हेडसर म्हणाले.

"काय सांगाचं?"

"ती परीक्षेला बसलेलीच नाही."

प्रयागबाई हसल्या. सरांना कोणी दुसरी निकिता आठवली असेल, असं त्यांना वाटलं. "बसली नाई कशी? म्या सोता दही देऊन पाठोत होती रोज. अन् तुमीच त भोंग्यावर सांगतलं, सगळे पास म्हनून."

"बसलेले सगळे पास."

चंपत पुढे आला. "पोरी, काय म्हनून राह्यले सर? खरं हाये का?" निकितानं मान खाली घातली. "सर म्हनले होते, फॉर्म अडकला. जुलैत बसोतो म्हनले होते."

"अडकला म्हंजे? सगळ्याइचा भरला अन् हिचाच काहून अडकला?" चंपतचा आवाज चढला तशी बाहेर मांडवातली दोन-चार माणसं दाराशी आली. त्यातला एक अध्यक्षांचा माणूस होता. हेडसरांनी त्याला पाहिलं, आणि पाठीमागच्या कपाटातून फाइल काढली. अगदी सावकाश. एक कागद काढून टेबलावर प्रयागबाईपुढे फिरवून ठेवला.

"ही सही तुमचीच ना?"

प्रयागबाई वाकल्या. आणि त्यांचा चेहरा खुलला. देवाशप्पथ खुलला. "हो, माहीच हाये," त्या म्हणाल्या. अध्यक्षांच्या माणसासमोर, गावासमोर, जरा मान वर करूनच म्हणाल्या.

हेडसरांनी मग तो अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. पाल्याची तयारी नसल्यामुळे. यंदा परीक्षा अर्ज भरू नये. ही विनंती. खाली आईचं नाव आणि तारीख. "पालकांनीच लेखी दिलं, मग शाळा काय करणार? पोरीला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिला अडचणीचं सांगितलं."

चंपत बायकोकडे वळला. "तूनं लिवून देल्लं? मले न इचारता?"

"नाई वो... म्या कायले..." प्रयागबाई चंपतकडे, मग निकिताकडे वळल्या.

निकितानं पदर सोडला. "आई, सही तुहीच हाये. मले ओयखू येते." ती ओरडली नाही, हळूच बोलली. "तुले माहीत होतं? मी चार महिने तुह्यापासून लपवून राह्यली. तुले वाईट वाटंन म्हनून त्या झाडाखाली बसून राह्यली मी. अन् तुलेच माहीत होतं? मंग दही काहून देत होती व? मजा पाहत होती का माही?"

"नाई व माय..."

"तुले मले जाऊच द्याचं नोतं. कंबर हालवते म्हने. पयलेपासूनच तुह्या पोटात होतं." तिनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि दारातल्या माणसांतून वाट काढत निघून गेली. चंपत खाली बघून म्हणाला, "बाईच्या हाती पेन देल्लं अन् घराचं वाटोळं झालं." आणि तोही गेला.

प्रयागबाई एकट्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"मॅडम, तुमी आनला होता ना कागद? तुमी त म्हनलं होतं, सांगलीचाच हाये म्हनून."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. हेडसर, सेवालाल सर, अध्यक्षांचा माणूस. मी एक वाक्य बोलले असते तर पोरगी अजून फाटकापाशीच होती, हाक मारली तर परत आली असती. परीक्षा गेली ती गेलीच होती, पण आई तरी तिला परत मिळाली असती. तेवढं माझ्या हातात होतं. मला ते त्या क्षणी लख्ख कळत होतं.

"प्रयागबाई," मी म्हणाले, "सही करायच्या आधी वाचून घ्यायचं असतं."

त्यांनी ऐकून घेतलं. टेबलावरचा कागद त्यांनी सरांकडे सरकवला.

"चुकलंच मॅडम माह्यं," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नाई, हे म्या तुमाले तवाच सांगाले पायजे होतं."

आणि मला नमस्कार करून त्या पोरीच्या मागे गेल्या.